गाडीत अँप बसवला त्याचा माझा अनुभव

आमच्या कोल्हापुरात गाडीला अँप (ॲम्प्लिफायर, म्हणजे स्पीकरला जादा ताकद देणारा डबा) बसवतोय म्हटलं की समोरचा पहिलं विचारणार, "डॉल्बी करतोयस काय रे?" मिरवणुका ऐकून ऐकून लोकांचं डोकंच तसं झालंय, अँप म्हणजे काचा हादरल्याच पाहिजेत. मला तसलं काय नको होतं. पुण्याला सारखं येणं-जाणं असतं, हायवेला नव्वदच्या स्पीडला टायरचा आवाज वाढतो, मग आपण व्हॉल्यूम वाढवणार आणि वाढवला की कंपनीच्या स्टिरिओचा आवाज फाटणार, गाणाऱ्याचा स पत्र्यावर खिळा ओढल्यागत यायचा. एवढंच मिटवायचं होतं.

आधी वाटलं स्पीकर बदलू. पण थोडं वाचल्यावर कळलं की गोम वेगळीच आहे. स्टिरिओच्या आतली चिप गाडीच्या 14 व्होल्टवरच चालते, त्यातनं 4 ओमच्या स्पीकरला चॅनलमागे (म्हणजे एका स्पीकरमागे) वीसेक वॅटच्या वर स्वच्छ आवाज निघतच नाही, स्टिकरवर 50 गुणिले 4 लिहिलेलं असलं तरी. बाहेरच्या अँपमध्ये आधी व्होल्टेज वाढवणारा सप्लाय असतो, फरक तिथं पडतो.

मग दुकानं पालथी घातली. जिथं जाईल तिथं 1200 वॅट, 2000 वॅट, खोक्यावर ज्वाळा काढलेल्या. हे सगळे पीक वॅट, म्हणजे क्षणभरापुरते, त्याला काय अर्थ नाही, बघायचं ते आरएमएस, म्हणजे सलग निघणारे वॅट, आणि तेसुद्धा किती व्होल्टला, किती ओमला ते. सीटीए-2006 नावाचं एक स्टँडर्ड आहे (आधी सीईए म्हणायचे), त्यात 14.4 व्होल्ट, 4 ओम आणि डिस्टॉर्शन (आवाज फाटणं) 1 टक्क्याच्या आत धरून वॅट सांगावे लागतात. ते मॅन्युअलमध्ये लिहिलंय का विचारल्यावर एका दुकानदारानं माझ्याकडं असं बघितलं जसं काय मी उधारी मागतोय.

शेवटी चार चॅनलचा, चॅनलमागे 50 वॅट आरएमएसचा क्लास डी घेतला. क्लास डी आणि क्लास एबी हे अँपच्या आतल्या सर्किटचे प्रकार. क्लास एबीचा आवाज गोड असतो म्हणतात, असेल बाबा, पण तो तापतो जास्त आणि करंट पण जास्त ओढतो, आणि मला अँप सीटखाली घालायचा होता. शिवाय त्याला हाय लेव्हल इनपुट, म्हणजे स्पीकरच्या वायरीतनंच सिग्नल घ्यायची सोय, पाहिजेच होता कारण कंपनीच्या टचस्क्रीनला मागं आरसीए (अँपला सिग्नल द्यायचं सॉकेट) नाही. शोरूमवाल्यानं आधीच दम दिलेला, वायर कापली तर इलेक्ट्रिकलची वॉरंटी गेली. म्हणून मधे लावायचा कपलर घेतला, एक वायर कापली नाही.

फिटिंग उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडं. माणूस लय कमी बोलणारा. मी एका दुकानातनं स्वस्तात वायरिंग किट नेलेलं, त्यानं पॉवर वायरचं टोक सोललं, एक तार घेऊन ब्लेडनं खरवडली, आतनं पांढरी.

"दादा, हे अल्युमिनियम हाय, वरनं नुसता तांब्याचा मुलामा. परत देऊन या."

मुकाट्यानं परत दिलं आणि पूर्ण तांब्याची 8 गेजची आणली. महाग पडली, पण हिशोब सोपा आहे, 200 वॅट बाहेर काढायचे तर क्लास डीला पण 18-20 अँपिअर ओढावे लागतात, तिथं वायरीत काटकसर करून चालत नाही. फ्यूज बॅटरीपासनं दीड फुटाच्या आत, कारण वायर कुठं घासून बॉडीला लागली तर तो फ्यूजच गाडी वाचवणार. फायरवॉलमधनं (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) वायर आत घेताना त्यानं रबरी ग्रोमेट घातला, पॉवर डाव्या बाजूनं आणली आणि सिग्नलच्या वायरी उजव्या बाजूनं.

एवढं सगळं व्यवस्थित, आणि गाडी चालू केली तर स्पीकरमधनं कुंईईई. ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढतोय, सोडला की उतरतोय. गॅरेजमधल्या एकानं लगेच सल्ला दिला, नॉईज फिल्टर लावा. मिस्त्री म्हणाला, "थांबा की जरा." मीटर काढला, गाणं चालू ठेवून अँपच्या ग्राउंडपासनं (बॉडीला जोडायची मायनसची वायर) बॅटरीच्या मायनसपर्यंत व्होल्टेज बघितलं, अर्धा व्होल्ट! तिथं जवळपास शून्य पाहिजे. त्याच्या हाताखालच्या पोरानं ग्राउंड सीटच्या बोल्टला घेतलेलं आणि बोल्टखाली सगळा रंग. मग कार्पेट उचललं, जवळच बॉडीचा पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबून बसवलं, स्टार वॉशर घालून आवळलं, वरनं गंज धरू नये म्हणून ग्रीस. कुंई गायब, फिल्टरचे पैसे वाचले.

अँपवरचा गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू, हा व्हॉल्यूम नव्हे हे मिस्त्रीला सांगायला लागलं नाही, त्यालाच माहीत होतं. स्पीकर काढून, 1 किलोहर्ट्झचा टोन लावून, स्टिरिओ पाऊण व्हॉल्यूमला ठेवून आउटपुटला 14 व्होल्ट एसी येईपर्यंत गेन फिरवला (50 वॅट गुणिले 4 ओम म्हणजे 200, त्याचं वर्गमूळ 14.1). दाराच्या स्पीकरला 80 हर्ट्झचा हाय पास, म्हणजे खालचा बेस त्यांच्या गळ्यात पडत नाही.

टेस्टला मी हलगीचं रेकॉर्डिंग लावलं. आधी काडीचा टणका नुसता चट् असा चेपून यायचा, आता काडी आणि थाप वेगवेगळी कळते, आणि कागलच्या पुढं हायवेला काच खाली असली तरी कळते. स्पीकर अजून कंपनीचेच आहेत बरं का, त्यामुळं व्हॉल्यूम बेतानंच.

आता मिस्त्री मागं लागलाय, डिकीत सबवूफर (खालच्या बेसचा मोठा स्पीकर) टाका म्हणून. पण डिकीत आजऱ्याहनं घनसाळ तांदळाचं पोतं येतं, ते कुठं ठेवू? बायकोनं पोत्याच्या बाजूनं निकाल दिलाय. त्यामुळं दुसऱ्या सीटखाली बसणारा चपटा सब मिळतो का बघतोय.