आजीच्या बांधीतलं मोजमाप

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात फिरायला म्हणून सहसा कोणी जात नाही. मी गेलो तो एका मित्राच्या आग्रहाखातर. तो भूभौतिक सर्वेक्षणात काम करतो. जमीन न खणता खाली कोणता खडक असेल याचा अंदाज घ्यायचा, हा त्याचा धंदा. त्याच्या तुकडीचा मुक्काम गोबरवाही गावाच्या बाजूला होता. "ये, धानाचा मुलूखही बघून होईल," म्हणाला. मुलूख खरोखर देखणा आहे. धान कापून झालेलं, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या वावरांत, लाखोरीची डाळ हिरवीगार, मधूनच एखादा मामा तलाव, म्हणजे जुना माजी मालगुजारी तलाव. डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण लांबून पाहिली, खोलीत डासांनी झोपू दिलं नाही, जेवण मात्र पोटभर आणि प्रेमाने वाढलेलं. बाकीचे दिवस एवढ्यातच आटोपतात. मनात घर करून बसली ती एका सकाळची गोष्ट.

हा सगळा पट्टा मँगनीजचा. नागपूर, भंडारा आणि पलीकडे बालाघाट. मित्राने एक काळा दगड हातावर ठेवला आणि हात खाली गेला. साधा अभ्रकी खडक पाण्याच्या पावणेतीन पट जड असतो, हे खनिज चार पटींच्याही वर. सर्वेक्षण चालतं ते याच फरकावर. जड खडक खाली असेल तर तिथे पृथ्वीची ओढ किंचित वाढते. किती किंचित? एकूण ओढीचा साधारण दहा लाखावा भाग म्हणजे एक मिलिगॅल, आणि यांचा शोध त्या मिलिगॅलच्याही अंशांत चालतो.

ते काम कसं करतात हे तासन् तास बघण्यासारखं आहे. पेटीएवढं ग्रॅव्हिमीटर, म्हणजे ओढ मोजायचं यंत्र, तिकाटण्यावर ठेवायचं, स्क्रू फिरवून अगदी समतल करायचं. आत क्वार्ट्झच्या स्प्रिंगला टांगलेलं छोटंसं वजन असतं. मग सगळे जागच्या जागी उभे. कोणी पाऊल हलवत नाही, बोलत नाही. वाऱ्याची झुळूक आली तरी आकडा थरथरतो, रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की तो जाईपर्यंत थांबायचं. मोजणीच्या जागेची उंचीसुद्धा काटेकोर लागते, कारण यंत्र नुसतं एक मीटर वर उचललं तरी ओढ ०.३ मिलिगॅलने कमी भरते. चंद्र-सूर्याच्या ओढीचाही हिशेब वजा करावा लागतो. दर थोड्या वेळाने पहिल्या ठिकाणी परत येऊन तोच आकडा पुन्हा घ्यायचा, कारण स्प्रिंग दिवसभरात हळूहळू सैलावते. इतकी निष्ठा असलेलं काम मी फार कमी पाहिलंय, आणि त्या पोरांबद्दल मला मनापासून आदर वाटला.

म्हणूनच पुढचं जास्त खटकलं.

एका बांधीत यंत्र लावलेलं असताना धुऱ्यावरून एक आजी आली, मागोमाग नातू. आजी थांबली, सगळे गप्प उभे बघून तीही गप्प राहिली. आकडा लिहून झाल्यावर तिने विचारलं, "काय मोजून राहिले जी माझ्या वावरात?"

"काही नाही आजी, नुसतं मोजतोय," कामावरचा एक जण म्हणाला आणि तिकाटणं उचलून पुढच्या खुणेकडे निघाला.

आजी तिथेच उभी. नातू माझ्याकडे वळला. मी त्यांच्यातला नाही हे त्याने ओळखलं असावं. "भाऊ, वावर जाते का आमचं?"

मला राग आला, तो अजून गेलेला नाही. ज्या माणसांना चंद्राच्या ओढीचा हिशेब ठेवायला वेळ आहे, त्यांना ज्याच्या बांधीत उभे आहोत त्याला चार वाक्यं सांगायला वेळ नसावा? त्यांच्या वहीत ठिकाणाचा क्रमांक, वेळ, उंची, आकडा असे रकाने होते. शेतकऱ्याच्या नावाचा रकाना नव्हता.

रात्री मित्राशी यावर बराच वाद झाला. त्याचं म्हणणं, सांगणार तरी काय? ओढ वाढलेली दिसली म्हणजे मँगनीज सापडलं असं होत नाही. अँफिबोलाइटसारखा दुसरा जड खडकही असाच आकडा देतो, खालचा मातीचा थर कमीजास्त असला तरी आकडा हलतो. खरं काय ते ड्रिल खाली उतरून खडकाचा गाभा, म्हणजे कापून काढलेला नमुना, वर आल्यावरच कळतं, आणि ड्रिलिंग होईल की नाही हे त्याच्या हातात नाही. अर्धवट माहितीने गावात अफवा पसरते, जमिनीचे दलाल फिरू लागतात. यात तथ्य आहे. पण "काही नाही" या उत्तराने अफवा थांबत नाही, उलट तिथूनच सुरू होते. मोजमापाने काय कळतं आणि काय कळत नाही, हे त्याने मला जितक्या सोप्या भाषेत सांगितलं तितकंच आजीला सांगता आलं असतं. आम्ही शेती करणारी माणसं जमिनीबद्दल अडाणी असतो हा समज कुठून येतो?

दुसऱ्या दिवशी मी एकटाच आजी-नातवाच्या घरी गेलो. आजीने आधी चहा दिला, मग ऐकायला बसली. नुसत्या सर्वेक्षणाने सातबाऱ्यात काहीच बदलत नाही, हे सांगितलं. कडू भागही सांगितला: महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, १९६६ च्या, कलम ४८ प्रमाणे खालचं खनिज राज्याचं असतं, वावर तुमचं असलं तरी. आणि खाणपट्टा द्यायचा ठरलाच तर आता तो लिलावाने दिला जातो, जमीन वापरल्याबद्दल कब्जेदाराला भरपाई देण्याची तरतूद १९५७ च्या खाण-खनिज कायद्यात आहे, तेव्हा कागद वाचल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही.

आजी मान हलवत होती. नातवाचा प्रश्न वेगळाच होता. "मंग यंदा बोअर मारू का नाही?" उन्हाळी धानासाठी त्याला कर्ज काढायचं होतं आणि वावर जाणार असेल तर पैसा पाण्यात.

मार, म्हणालो. मोजमाप झालं म्हणून बोअर मारायला कोणी अडवू शकत नाही. शिवाय मित्राला तिथूनच फोन लावून नातवाच्या हातात दिला. दोघं बराच वेळ बोलले. आता ड्रिलिंगचं काही ठरलं तर आधी त्या घरी कळवायचं, असं मित्राने कबूल केलंय, आणि मी दर महिन्याला त्याला त्याची आठवण करून देतोय.