दुधीच्या लग्नाला इंदूरला

पुण्याहून रात्रीच्या बसने निघालं की बिजासनीचा घाट झोपेतच जातो आणि खलघाटच्या पुलावर नर्मदा दिसते तेव्हा नुकतं उजाडत असतं. पाण्यात टाकायला नाणं हातात तयार, पण एसी बसची खिडकी उघडते कुठे! शेजारच्या काकू काचेतूनच हात जोडून मोकळ्या झाल्या. मी नाणं पर्समध्ये ठेवलं आणि परत कडू दुधीच्या विचारात पडले.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी मावशीनेच दिलेल्या बियांचा वेल मी गच्चीवर चढवला. दुधी झकास लागल्या. त्यातली एक वेलावरच वाळवून मोठ्या हौसेने बी धरलं. पुढच्या पावसाळ्यात त्याच बियांची पहिली दुधी किसून थालीपिठं लावली, आणि पहिल्या घासाला अख्खं घर बेसिनपाशी! फोनवर मावशीने आधी सगळं फेकायला लावलं. कडू दुधी पोटात जाऊ द्यायची नसते, रस तर मुळीच नाही. मग तिने एकच विचारलं, "शेजारी कोणी तुंबा लावला होता का?" लावला होता. दोन गच्च्या सोडून, शोभेचा, दुधीचाच कडू भाऊबंद. "मग तू फुलं बांधली नसशील. येऊन जा इकडे, दाखवते."

मावशी इंदूरच्या राजेंद्रनगरात राहते. गणपती नुकतेच गेले होते. पोहे, वर शेव आणि जीरावण मसाला, बाजूला जिलबी, एवढं झाल्याशिवाय तिने मला मागच्या अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. मांडवाला सात-आठ दुधी लोंबत होत्या. त्यातल्या सगळ्यात देखणीच्या देठाला लाल लोकर. मी हात पुढे केला तोच मागून आवाज, "तिला हात नाही लावायचा हं! ती बियाण्याची आहे."

आपण चांगलं ते खातो आणि नजरेतून सुटून निबर झालेलं बियाण्याला ठेवतो. इथे उलटं. काकांचं म्हणणं, "आमच्याकडे चांगली भाजी फक्त बघायला मिळते."

दुपारी चारला मावशी लोकरीचा गुंडा घेऊन मांडवाखाली शिरली. आज उमलणाऱ्या कळ्या फुगून पांढुरक्या झालेल्या असतात. मादी कळीच्या खाली बोटाच्या पेराएवढी लवदार दुधी असते, नराचा नुसता लांब देठ. दोन्हींची तोंडं तिने लोकरीने बांधून टाकली. दुधीचं फूल दिवेलागणीला उमलतं, आणि तेव्हा येणारे पतंग कुठल्या वेलावरून उठून आलेत ते कोण विचारणार? साडेसहाला लोकर सोडली. पाकळ्या चुरगळलेल्या मलमलीसारख्या. नर फूल खुडून, पाकळ्या मागे दुमडून, मावशीने ते मादीच्या मध्यावर अलगद फिरवलं, पुन्हा तोंड बांधलं, देठाला खुणेची लोकर गुंडाळली. "लागलं लग्न."

"पण माझी पहिल्या वर्षीची दुधी गोड होती की," मी म्हटलं.

"असणारच ना! फळ तर आईचंच असतं. बापाचे गुण बियांत बसून राहतात, पुढच्या वर्षी निघतात."

वालाला, टोमॅटोला हे सोपस्कार फारसे लागत नाहीत. त्यांचं फूल बहुतेक वेळा घरच्या घरीच उरकून घेतं. टोमॅटोचा बुळबुळीत गर मात्र दोन-तीन दिवस आंबवून मग बी धुवायचं. तो वास काकांच्या तक्रारींत वरच्या नंबरावर आहे. आणि पाकिटातल्या संकरित टोमॅटोचं बी धरलं, तर दुसऱ्या वर्षी सख्खी भावंडं एकमेकांना ओळख देत नाहीत.

बियांचं कपाट म्हणजे औषधाच्या जुन्या बाटल्या, राखेत घोळलेले वाल आणि कॅलेंडरच्या पानांच्या पुड्या. दाराला आतून, गावरान बी जपणाऱ्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हाचं कात्रण. कांद्याची पुडी सगळ्यात पुढे, कारण ते बी वर्षभरात म्हातारं होतं. शंका आली की दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळायच्या. मी होते तेव्हा गिलक्याच्या दहांपैकी सात रुजल्या. मावशीने तोंड वाकडं केलं. मला तर सात म्हणजे फर्स्ट क्लास वाटला होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्कूटरवरून कृषी महाविद्यालय बाहेरूनच दाखवलं. ब्रिटिश शेतीतज्ज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्ये इंदूरला आले, त्यांनी इथे बसवलेली कंपोस्टची रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली, आणि ती बघायला १९३५ मध्ये गांधीजी आले होते. काकांनी हे असं सांगितलं जणू गांधीजींना स्कूटरवर तेच घेऊन आले होते. मावशीला इतिहासात रस नाही. पालापाचोळा, शेण, राख यांचे थर तिच्या खड्ड्यात आहेतच. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिल्या आलेल्या या शहरात कचरागाडी रोज दारात येते, पण हिच्याकडे ओला कचरा मागायचं गाडीवाल्याने केव्हाच सोडून दिलंय.

निघताना बारा बियांची पुडी मिळाली. "सगळ्या नाही लावायच्या. सहा लाव, सहा ठेव. पाऊस दगा देतो कधीकधी."

बसमध्ये बाकी सामान लावताना पिशवीत तळाशी लाल लोकरीचा गुंडा सापडला. फोन केला तर म्हणाली, "पुण्यात मिळते मला माहीत आहे. तू आणणार नाहीस."