नाचुसाच्या माळावर, आईला घेऊन

आई बार्शीहून सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली आहे. शिकागोचं तळं झालं, उंच इमारती झाल्या, देऊळ झालं. मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "इथं मोकळं रान कुठं बघायलाच मिळत नाही का गं?" त्याच आठवड्यात नाचुसा ग्रासलँड्स या इलिनॉयमधल्या राखीव गवताळ माळाच्या फेरीसाठी दोघींची नावं नोंदवली.

मी जूनमध्ये एकदा एकटीच जाऊन आले होते. फिकट जांभळी कोनफ्लॉवरं भरात होती, ऊन रणरणत होतं, फोटो काढले आणि तासाभरात परत फिरले. सप्टेंबरच्या या फेरीत स्वयंसेवक बाईंबरोबर मैलभरसुद्धा चाललो नसू, पण तीन तास कुठे गेले कळलं नाही. म्हणून पहिला सल्ला हाच: पहिल्यांदा जाताय तर एकटे जाऊ नका. या गवतात जे आहे ते दाखवणारं माणूस लागतं.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून आय-८८ महामार्गाने पश्चिमेला निघालं की दीड तासाच्या आत पोचता येतं. डिक्सन आणि फ्रँकलिन ग्रोव्ह ही जवळची गावं. मका आणि सोयाबीनच्या न संपणाऱ्या शेतांमधून गाडी जाते आणि अचानक जमिनीला चढउतार येतात, वालुकाश्माच्या टेकड्या दिसू लागतात. या टेकड्यांनीच गवत वाचवलं. खडकावर नांगर चालत नव्हता, म्हणून माथ्यांवर मूळची प्रेअरी, म्हणजे इथला नैसर्गिक गवताळ माळ, टिकून राहिली. १९८६ साली नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेने इथली पहिली जमीन घेतली. आज हा माळ सुमारे ४००० एकरांचा आहे. टेकड्यांच्या मधली मक्याची शेतं स्वयंसेवकांनी बी पेरून पुन्हा प्रेअरीत आणली आहेत.

इलिनॉयला प्रेअरी स्टेट म्हणतात. एकेकाळी इथे दोन कोटी एकरांहून जास्त प्रेअरी होती, आज तिचा हजारावा हिस्साही अस्सल स्वरूपात उरलेला नाही. जॉन डियर या लोहाराने १८३७ मध्ये पोलादी नांगर घडवला तो ग्रँड डिटूर गावात, इथून गाडीने वीसेक मिनिटांवर. बिडाच्या नांगराला इथली चिकट काळी माती धरून बसायची, गुळगुळीत पोलादावरून ती घसरून पडू लागली. हे मी आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "आपल्या काळ्या रानातसुद्धा ओल असली की फाळ खरवडावाच लागतो की."

आमच्या वाटाड्या बाई सत्तरीच्या पुढच्या. वीस वर्षं त्या इथे बी गोळा करतात. आम्ही ज्या तुकड्यातून चाललो होतो तिथे पूर्वी मका होता आणि आता जे उभं आहे त्यातलं बरंच बी त्यांच्या हातचं. फूल दाखवताना त्या कुठे, कोणत्या साली पेरलं तेही सांगत होत्या.

सप्टेंबरात बिग ब्लूस्टेम डोक्याच्या वर जातं. त्याचं कणीस तीन बोटांचं, कोंबडीच्या पायासारखं. आईने एक कणीस वाकवून पाहिलं. "मारवेल आहे हा. पण एवढा उंच?" पुढे सोनेरी तुऱ्याचं इंडियन ग्रास होतं, तुऱ्याला बारीक पिवळे परागकोश लोंबत होते. आई तिथे थांबलीच. बोटांनी तुरा हलकेच चाचपला, पान उलटसुलट केलं आणि म्हणाली, "अगं, ही तर ज्वारीच्या भावकीतली!" मी ते बाईंना इंग्रजीत सांगितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. या गवताचं शास्त्रीय नावच सोरघॅस्ट्रम, म्हणजे ज्वारीसारखं. ज्वारी, ऊस, मका, बिग ब्लूस्टेम आणि आपल्याकडची मारवेल, कुसळी, पवना ही सगळी गवतकुळातल्या एकाच मोठ्या शाखेतली. आईला भाषा कळत नव्हती, पण त्यानंतर त्या दोघी पुढे आणि मी मागे अशी आमची फेरी झाली.

ओलसर उतारावर बॉटल जेंशियन दिसलं. निळी फुलं, कळीसारखीच मिटलेली, आणि ती कधी उमलतच नाहीत. बाईंनी आम्हाला वाट पाहायला लावली. पाच-सात मिनिटांनी एक गुबगुबीत बंबलबी, म्हणजे मोठी केसाळ मधमाशी, आली, टोकावर बसली, पायांनी पाकळ्या फाकवल्या आणि डोकं खुपसून आख्खी आत गेली. बाहेर फक्त मागचे पाय. फूल आतून हलताना दिसत होतं. मग ती पराग माखून उलटी बाहेर आली. लहान मधमाश्यांच्या अंगात हे दार उघडायची ताकद नसते, त्यामुळे हे झाड जगतं ते या बंबलबींच्या जिवावर. एवढ्यासाठी पुन्हा दीड तास गाडी चालवायला मी तयार आहे.

आता जाणाऱ्यांसाठी. गोचीड इथे खरंच आहेत. जूनमध्ये घरी आल्यावर गुडघ्यामागे एक सापडला होता. पूर्ण पँट, ती मोज्यात खोचलेली, फिकट रंगाचे कपडे, आणि घरी आल्याआल्या अंघोळ करून अंग नीट तपासा, मुलांचं आधी. सावली जवळजवळ नाही, तेव्हा टोपी आणि प्रत्येकी दोन बाटल्या पाणी. स्वच्छतागृहाचं काम वाटेतल्या गावातच उरकून घ्या. कुत्रा नेता येत नाही. बूट घरून घासून न्या, तळव्याला चिकटून आलेलं परकं बी उपटायला याच लोकांना वाकावं लागतं. फूल किंवा बी खिशात घालू नका.

बायसन, म्हणजे गव्यासारखे मोठे रानटी प्राणी, २०१४ मध्ये आयोवाहून आणले. त्यांच्या कुंपणाच्या आत पायी जायला मनाई आहे आणि ते दिसतीलच असं नाही. आम्हाला दूरवर चार तपकिरी ठिपके दिसले, तेही दुर्बिणीतून. फक्त बायसनसाठी जाणार असाल तर हिरमोड होईल.

आईवडिलांना नेणार असाल तर जमीन उंचसखल आहे, काठी हवी. घडीचं स्टूल मी नेलं होतं, त्याचा फार उपयोग झाला. फेरीच्या आधी कळवलं तर बाई वेग त्याप्रमाणे ठेवतात. खायला जवळपास काही नाही. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती अभ्यागतांसाठी बांधलेल्या उघड्या मंडपात खाल्ली.

फेऱ्यांच्या तारखा दरवर्षी बदलतात, पाहून नोंदवा. मे महिन्यात शूटिंग स्टार, जूनमध्ये कोनफ्लॉवर, जुलैत उत्तर-दक्षिण पानं धरणारा कंपास प्लांट, सप्टेंबरात गवत आणि जेंशियन. वणवा मुद्दाम लावतात, वसंतात किंवा पानगळीत. तेव्हा गेलात आणि जमीन काळी दिसली तर घाबरू नका, आगीने झाडोरा मागे हटतो आणि गवत पुन्हा फुटतं.

निघताना बाईंनी विचारलं, ऑक्टोबरात बी गोळा करायला याल का? कमरेला बादली बांधायची आणि हाताने तुरे ओरबाडायचे. आईने माझ्याकडे न बघताच मान हलवली. परतीच्या वाटेवर तिने विचारलं, "बादली आपली न्यायची का त्यांची मिळते?"