घर एकत्र राहावं म्हणून: आमच्या गुळाची वाटचाल

भोगावतीकाठच्या आमच्या गावाला गुऱ्हाळ नवं नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली. पुढं राधानगरीचं धरण झालं आणि नदीच्या दोन्ही अंगांना ऊस पसरला. ज्याच्याकडं रान होतं तो ऊस लावायचा, ज्याच्याकडं नव्हतं तो गुऱ्हाळावर राबायचा. आमचे आबा राबणाऱ्यांतले. दीड एकर रान, त्यातलंही निम्मं पावसाळ्यात पाण्याखाली, आणि घरात खाणारी आठ तोंडं. दसरा झाला की आबा गावातल्या एका गुऱ्हाळावर चुलव्या म्हणून जायचे ते थेट शिमग्यापर्यंत.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी चुलव्याचं काम थोडं सांगतो. काहील म्हणजे रस आटवायची मोठी पसरट कढई. तिच्याखाली जमिनीत खोल चुलवाण असतं. त्याच्या तोंडाशी बसून वाळलेलं चिपाड, म्हणजे रस काढून राहिलेला उसाचा चोथा, सारखं आत सारायचं. जाळ कमी पडला तर रस आटायला वेळ लागतो आणि गूळ काळवंडतो. जास्त झाला तर काहिलीचं बूड धरतं आणि अख्खं आदण, म्हणजे काहिलीतला एका वेळचा सगळा रस, करपतं. वर काहिलीशी उभ्या असलेल्या गुळव्याचं नाव होतं, पण गुळाचं निम्मं नशीब खाली जाळ घालणाऱ्याच्या हातात असतं. वर्षानुवर्षं जाळासमोर बसून आबांच्या नडग्यांची कातडी भाजून काळी पडली होती. आई त्याच गुऱ्हाळावर चिपाड वाळत घालायला जायची. आम्ही तीन भाऊ आणि दोन बहिणी त्या चिपाडाच्या गंजीभोवतीच मोठे झालो. आबांनी आम्हाला शिका म्हणून कधी दटावलं नाही, की अमुक व्हा म्हणून सांगितलं नाही. ते एवढंच म्हणायचे, "काय बी करा, पर चूल एकच ठेवा."

ते सोपं नव्हतं. थोरला दादा दहावीनंतर रानात गुंतला. मी आयटीआयला फिटर झालो आणि शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत लागलो. धाकटा गाडी चालवायला पुण्याला गेला. दोघी बहिणींची लग्नं झाली. माझा पगार वाईट नव्हता, पण रात्रपाळी करून आलो की आई झोपलेली आणि दिवसा उठलो की दादा रानात. एका घरात राहून आमची गाठ पडत नव्हती. अशात ज्या गुऱ्हाळावर आबांनी उमर घालवली, त्याच्या मालकांची मुलं शहरात गेली आणि मालकांनी ते भाड्यानं द्यायचं ठरवलं. २००७ साली आम्ही ते चालवायला घेतलं. अनामत रकमेतला मोठा वाटा थोरल्या ताईनं दिला. दूध संघाच्या बिलातून तिनं स्वतःच्या नावावर साठवलेले पैसे होते ते. आम्ही मागायच्या आधी ती रक्कम घेऊन दारात आली. ही गोष्ट पुढं कामाला येणार आहे, म्हणून इथं मुद्दाम लिहिली.

सुरुवातीला आम्ही फक्त गाळून द्यायचो. शेतकऱ्यानं आपला ऊस आणायचा, आदणामागं ठरलेली मजुरी द्यायची आणि आपला गूळ आपल्या अडत्याकडं न्यायचा. साखर कारखान्याची ऊसतोड लांबली की लहान शेतकरी आमच्याकडं वळायचा, कारण त्याला हातात पैसा लवकर लागायचा. यात फार काही सुटत नव्हतं, पण आम्ही काम शिकलो. फिटरकीचा उपयोग पहिल्या हंगामातच झाला. घाण्यातून बाहेर पडलेलं चिपाड मुठीत घेऊन पिळायचं. तळहात ओला झाला तर रोलर ढिले आहेत आणि शेतकऱ्याचा रस चुलीत चालला आहे असं समजायचं. मी रोलरमधलं अंतर स्वतः बसवायला लागलो आणि त्याच उसात गुळाचा उतारा वाढला. आमच्याकडं आज टनाला ११० ते १२० किलो गूळ पडतो. शेतकऱ्यांनी ते आपल्या डोळ्यांनी बघितलं आणि आमच्या दारात बैलगाड्या-ट्रॅक्टरची रांग लागायला लागली.

ऊस ओळखायला दादानं शिकवलं. चोपण, म्हणजे खारवट रानातल्या उसाचा गूळ खारट लागतो. तोडून दोन दिवस पडलेल्या उसाचा गूळ नीट बसत नाही, हाताला चिकटतो. कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्रात दादा वरचेवर जायचा. तिथून को ९२००५ वाणाचं बेणं आणून त्यानं आमच्या रानात लावलं आणि मग आजूबाजूच्या शेतकऱ्यांना दिलं. गुळासाठी याच्यासारखा ऊस नाही, असं आमचं ठाम मत आहे.

आमच्या धंद्यातला खरा मोठा निर्णय हायड्रॉस नावाची रासायनिक पावडर बंद करण्याचा. ही पावडर उकळत्या रसात टाकली की गूळ पिवळाधमक दिसतो. सौद्यात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, पिवळ्या गुळाला दर चढतो, गुजरातच्या व्यापाऱ्याला तसाच लागतो, म्हणून सगळीकडं ती सर्रास वापरली जाते. तो पिवळेपणा टिकत नाही, काही आठवड्यांत गूळ पुन्हा गडद होतो. पण तोवर तो विकून गेलेला असतो. आमच्या घरात हा विषय धाकट्या बहिणीनं काढला. ती बाळंतपणाला माहेरी आली होती. गूळ-तुपाची वाटी पुढं आली तेव्हा तिनं विचारलं, "हा विकायचा गूळ आहे की घरचा?" घरच्यासाठी आम्ही एक आदण पावडरीशिवाय काढायचो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आबा त्या वेळी काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, उद्यापासून दोन गूळ करायचे नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडं चुन्याची निवळी आणि रानभेंडी, एवढंच. भेंडीची ताजी झाडं ठेचून पाण्यात चोळायची, तो बुळबुळीत रस काहिलीत सोडायचा. तो मळीला, म्हणजे रसातल्या घाणीला, धरून वर आणतो आणि मग ती झाऱ्यानं काढून घ्यायची. दोनदा-तीनदा नीट मळी काढली की गूळ आपोआप स्वच्छ, सोनेरी-तांबूस होतो. रस ११६ ते ११८ अंश सेल्सिअसपर्यंत आटवतो. आता आमच्याकडं तापमापक आहे, पण गुळव्या अजूनही पाक थंड पाण्यात टाकून गोळी करून बघतो आणि मगच काहील उतरवायला सांगतो. मला त्याच्या बोटांवर तापमापकाइतकाच भरवसा आहे.

सौद्यात मात्र आमच्या गडद रव्यांकडं, म्हणजे गुळाच्या मोठ्या ढेपांकडं, कुणी बघेना. तीस किलोचे रवे तसेच पडून राहायचे, दर पडायचा. त्या दोन हंगामांत घर दादाच्या रानावर आणि आईच्या म्हशींवर चाललं. वाट काढली वहिनींनी. त्या म्हणाल्या, एवढा मोठा रवा कोणत्या शहरातल्या बाईला लागतो? त्यांनी अर्धा आणि एक किलोच्या ढेपा करायला लावल्या, आलं-वेलचीच्या वड्या पाडल्या, काकवी काचेच्या बाटलीत भरली. धाकट्यानं पुण्याची नोकरी सोडली. तिथल्या सोसायट्यांमधल्या त्याच्या ओळखींवर पहिली गिऱ्हाइकं मिळाली आणि गाडीही त्यानंच चालवली. ज्या बाईनं एकदा आमच्या गुळाच्या पुरणपोळ्या केल्या, तिनं पुढच्या होळीला चार घरच्या ऑर्डरी आणल्या. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्हाला मनापासून आनंद झाला. पण साखर मिसळलेला आणि भलतीकडं केलेला माल कोल्हापुरी म्हणून आजही विकला जातो. तो थांबला पाहिजे, नाहीतर चुलवाणाशी भाजणाऱ्या माणसाच्या पदरात काहीच पडणार नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी चुलवाणात शिरलं, भिंत गेली, साठवणीचा गूळ विरघळला. आमच्या चार कामगारांची घरंही पाण्यात होती. ती चारही कुटुंबं आमच्या माडीवर राहिली. आई आणि वहिनी सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र करायच्या. पाणी ओसरल्यावर याच लोकांनी आधी आमचं चुलवाण उभं केलं आणि मग आपापल्या घरांकडं गेले. हे ऋण पैशानं फिटत नाही. त्यांची मुलं आमच्या मुलांबरोबर शिकतात, त्यांच्या फीची काळजी आमच्या घरानं घेतली आहे. पुढं केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून ३५ टक्के अनुदान मिळालं. त्यातून स्टीलच्या काहिली, पॅकिंगची स्वच्छ खोली आणि उंचावरचं गोदाम झालं. आज हंगामात पंचवीस माणसं कामाला असतात आणि सगळी पंचक्रोशीतली आहेत. आणखी दोन गुऱ्हाळं घ्या असं सांगणारे खूप भेटतात. पण त्यासाठी एका भावाला दुसऱ्या गावी बिऱ्हाड करावं लागेल, म्हणून आम्ही नको म्हणतो.

आबा गेल्यावर भावकीतली जाणती माणसं म्हणाली, बहिणींच्या सह्या घेऊन टाका. आमच्याकडं हक्कसोडपत्र म्हणजे रीतच झाली आहे. बहिणी भावाला वाईट वाटू नये म्हणून सही करतात आणि पुढं माहेरी पाहुण्या होतात. कायद्यानं महाराष्ट्रात १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, २००५ साली तो देशभर लागू झाला. आमच्या घरात कायद्याचं नाव काढायची वेळ आली नाही. आईनं ताईचे ते दुधाच्या बिलाचे पैसे सगळ्यांसमोर बोलून दाखवले आणि विषय मिटला. रानाला पाच नावं लागली. फर्मचं भागीदारीपत्र नव्यानं करून घेतलं, त्यात दोघी बहिणी आणि वहिनीसुद्धा भागीदार आहेत.

दिवाळी पाडव्याला वहीपूजन झालं की आम्ही सगळे गेल्या हंगामाचा हिशेब घेऊन बसतो. उसाचा दर काय द्यायचा, कुणाचं येणं राहिलं, कामगारांना बोनस किती, हे तिथंच ठरतं. या वर्षी धाकट्या बहिणीनं काकवीच्या बाटल्यांचा तोटा काढून दाखवला आणि बाटल्यांचा पुरवठादार बदलायला लावला. ताईच्या मुलीनं अन्नतंत्रज्ञानाचं शिक्षण पूर्ण केलं आहे. पुढच्या हंगामापासून मालाची तपासणी तिच्याकडं राहील आणि त्यासाठी गोदामाशेजारची खोली आम्ही रिकामी केली आहे.