सोलापुरात समुद्र शिकताना: तपकिरी थर, तारलीचा कल्ला आणि उन्हाळ्यातली टाकी

मंडळी, उन्हाळ्याचा टप्पा पार पडला, म्हणून सविस्तर नोंद टाकतेय. नव्यांसाठी थोडक्यात: माझ्याकडे ६० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. संवर्धन केंद्रात जन्मलेले दोन क्लाउनफिश, थोड्या गोगलगायी, वाळू आणि सिरॅमिकचे सच्छिद्र खडक, एवढाच संसार. जिवंत प्रवाळ किंवा समुद्रातून काढलेला खडक नाही आणि येणारही नाही. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कुणी दुकानदार ‘चालतंय की’ म्हणाला तरी घेऊ नका.

या खेपेचा विषय तपकिरी थर. नवी खारी टाकी लावली की काही आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर तपकिरी साय धरते. ‘घासून काढा, आपोआप जाईल’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि जातेही. पण मला ती कोण आहे ते बघायचं होतं. ड्रॉपरने चिमूटभर उचलून काचपट्टीवर ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठी करून पाहिली.

नावेच्या आकाराच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या, मधाच्या रंगाच्या पेशी. एखादी सरळ रेषेत सरकते, थांबते आणि न वळता तशीच मागे येते. पाय नाहीत, शेपूट नाही. कवचाला लांबीच्या दिशेने एक बारीक चीर असते. तिच्यातून चिकट द्रव बाहेर येतो, तो पृष्ठभागाला धरतो आणि पेशी पुढे सरकते. हे डायटम. त्यांचं कवच सिलिकाचं, म्हणजे ज्यापासून काच बनते त्याचं, आणि ते डबा आणि झाकण असं दोन भागांचं असतं. पेशी विभागली की एकीला झाकण मिळतं, दुसरीला डबा, आणि दोघीही आपल्या वाट्याला आलेल्या भागाचं झाकण करून आत नवा डबा घडवतात. त्यामुळे डबा मिळालेली प्रत्येक वेळी किंचित लहान होते. फार लहान झाल्यावर लैंगिक प्रजनन होतं आणि आकार पुन्हा मूळपदावर येतो. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे एक पंचमांश हे डायटम करतात. समुद्राचा अभ्यास कुठून सुरू करावा, असं कुणी विचारलं तर मी आता मासे, कासवं, देवमासे बाजूला ठेवून इथूनच सुरू करायला सांगते.

मग बरण्यांचा प्रयोग लावला. तीन बरण्या, तिन्हींत एकच सागरी मीठ, एकाच खिडकीतला उजेड, आणि विरजणाला टाकीतल्या तपकिरी थराचा एकेक थेंब. पहिलीत आरओचं पाणी. दुसरीत आमच्या नळाचं. तिसरीत आरओच्या पाण्यात थोडं नायट्रेट आणि फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, पण सिलिका मुद्दाम घातली नाही. नळाच्या पाण्याची बरणी तपकिरी झाली. तिसरीत हिरवा थर आला, त्यात डायटम तुरळक. पहिली जवळपास स्वच्छ. खत दुसरीत आणि तिसरीत दोन्हीकडे होतं (नळाच्या पाण्यातही थोडं असतंच), कवचाचा माल मात्र मुख्यतः दुसरीतच होता. आरओच्या पडद्यातूनही थोडी सिलिका निसटते, म्हणून तिसरीतले तुरळक डायटम मला अपेक्षितच होते.

नळाच्या पाण्यात सिलिका कुठून आली? आपल्या पायाखालच्या काळ्या दगडातून. दख्खनचा बेसॉल्ट हा सिलिकेट खनिजांचा खडक. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, दगड झिजवतं, आणि सिलिका विरघळून ओढ्या-नद्यांत उतरते. आपली सीना नदी हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते, भीमा पुढे रायचूरकडे कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्र आपल्याला जवळचा, पण आपला पाऊस जातो पूर्वेला. वाटेत धरणांच्या साठलेल्या पाण्यातही डायटम वाढतात, मरून तळाला बसतात आणि सिलिकेचा काही वाटा तिथेच अडकतो. उरलेली समुद्रातल्या डायटमच्या अंगावर चढते. सोलापुरात बसून सागरी जीवशास्त्राचा नाद कशाला, असं मला बरेच जण विचारतात. त्यांना मी ही नदीची वाट सांगते.

मग अरबी समुद्रातल्या डायटमना माल कोण पुरवतं? मुख्यतः खोल पाणी. वरचे डायटम मरून खाली जातात, कवचं हळूहळू विरघळतात, त्यामुळे खोल पाणी सिलिका आणि नायट्रेटने समृद्ध असतं. नैऋत्य मोसमी वारे किनाऱ्यालगत वाहू लागले की पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं गार पाणी वर येतं. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला हे फार जोरात होतं, आपल्याकडे केरळ-कर्नाटकात ठळक, महाराष्ट्रात त्या मानाने कमी. जो वारा आपल्याकडे पाऊस आणतो तोच तिकडे समुद्राची नांगरट करतो.

याचा पुरावा मासळी बाजारात मिळतो. आपल्या बाजारात कटला, रोहू, चिलापीचंच राज्य, पण बर्फातून बांगडा येतो आणि क्वचित तारलीही (सार्डिन). मासळीवाल्या मावशींना मी आधीच सांगून ठेवलं होतं. तारली आल्या त्या दिवशी त्यांनी कल्ला उघडून दाखवला, “ताजी हाय बघ, लालभडक. खायला घ्यायलीस का परत चिरून बघायला?” दोन्हीसाठी, म्हटलं.

घरी कल्ल्याचं झाकण कात्रीने कापून काढलं. लाल झालरीच्या आतल्या अंगाला, घशाकडे, पांढरट बारीक काट्यांची एक ओळ असते. हे काटे श्वासासाठी नसतात, ती गाळणी आहे. तारलीत काटे इतके दाट आणि नाजूक की सुईच्या टोकाने वेगळे करताना एकमेकांना चिकटतात. बांगड्यात ते लांबलचक असतात, तोंड उघडलं तरी आत दिसतात, पण तारलीइतके दाट नाहीत. म्हणून तारली वनस्पती प्लवकावर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर), विशेषतः डायटमवर जगू शकते, आणि मोठा बांगडा जास्त करून कोपेपॉडसारख्या (बारीक कवचधारी जीव) प्राणी प्लवकांकडे वळतो. तारलीच्या जठरातला हिरवट-तपकिरी लगदा खाऱ्या पाण्यात पातळ करून पाहिला, तर त्यात काचेची कवचं होती. काही अख्खी, बहुतेक तुटलेली. ती कवचं बघून मी किती तरी वेळ खुर्चीवरून उठलेच नाही. ही सगळी साखळी फक्त तीन कड्यांची आहे: उजेड, डायटम, तारली. पुढची कडी आपण.

आता टाकीचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार, आणि टाकीचं पाणी २७ अंशांच्या आसपास ठेवायचं. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, परवडत नाही. पण आपली हवा कोरडी, त्यामुळे पाण्यावर वारा मारणारा साधा पंखा मुंबईपेक्षा इथे जास्त काम करतो. बाष्पीभवन उष्णता घेऊन जातं. मात्र पाणी उडतं, मीठ मागे राहतं. क्षारता (खारेपणा, किलोमागे ग्रॅम मीठ) ३५ असलेल्या ६० लिटरमधून २ लिटर पाणी गेलं की ती ३६.२ होते. भरपाई गोड्या पाण्याने करायची, खाऱ्या पाण्याने कधीच नाही. आणि नेमकं हेच अरबी समुद्रात चालतं: तिथे पाऊस आणि नद्या जेवढं पाणी आणतात त्यापेक्षा जास्त उडून जातं, म्हणून उत्तर भागात पृष्ठभागाची क्षारता ३६ च्या वर राहते. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेपासून आपल्या कृष्णेपर्यंत सगळ्या नद्या गोडं पाणी ओततात, तिथे ती बरीच कमी. रिफ्रॅक्टोमीटरचा (खारेपणा मोजायच्या उपकरणाचा) एक आकडा वर सरकताना बघितला की हा फरक डोक्यात पक्का बसतो.

ऑक्सिजनकडे मात्र कडक लक्ष द्या. समुद्राच्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ७.४ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साधारण ६.२. वीज जाते तीही उकाड्यातच, आणि रात्री शेवाळही ऑक्सिजन खातं. बॅटरीवर चालणारा एअर पंप उन्हाळ्यात हाताशी हवाच. अरबी समुद्रात साधारण १५० मीटरपासून १००० मीटरच्याही खालीपर्यंत ऑक्सिजन अत्यंत कमी असलेला जाड पट्टा आहे, जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. वरून पडणारं सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणू ऑक्सिजन संपवतात, आणि पुढे नायट्रेट वापरून नायट्रोजन वायू सोडतात. आपल्या सच्छिद्र खडकाच्या पोटात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथेही तेच घडतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (स्थापना १९६६) या पट्ट्यावर अनेक दशकं काम केलंय. ते जरूर वाचा.

मध्ये हरिहरेश्वरलाही जाऊन आले. उधाणाची ओहोटी साधून प्रदक्षिणेच्या वाटेवरचा खडक पाहिला: वर बर्नाकल (खडकाला चिकटलेले कवचाचे जीव), खाली कालवं, त्याखाली शेवाळ. तोही आपलाच बेसॉल्ट. फोटो नंतर टाकते.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे तारली आता लगेच नाही. तोवर सिलिकेट मोजायचा किट मागवलाय. पहिल्या मोठ्या पावसानंतर सीनेचं पाणी, कंबर तलावाचं आणि नळाचं, असे तीन नमुने मोजणार. पंढरपूर किंवा माढ्याकडचं कुणी असेल तर भीमेचं पाणी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत भरून ठेवा. काचेची बाटली नको, तिच्यातून सिलिका पाण्यात उतरते. बाटलीवर तारीख आणि जागा लिहा, फ्रिजमध्ये ठेवा, मी येऊन घेऊन जाईन.