एल्फिन्स्टन कॉलेज उभं आहे, मग आमचा स्लॅब का गळतो?

मे महिन्यात मुंबईहून गावी आलेली मंडळी घराचा नकाशा काढून घ्यायला माझ्याकडे येतात. खर्चाचं बोलणं झालं की कुणी ना कुणी विचारतंच : ‘काळा घोड्याचं एल्फिन्स्टन कॉलेज बघा. सव्वाशे वर्षं होऊन गेली, समुद्र जवळच, तरी कसं दिमाखात उभंय! आणि वडिलांनी बांधलेला आमचा स्लॅब पंचवीस वर्षांत गळायला लागला. तेव्हाची माणसं वेगळं काय करत होती?’ घाईत दोन वाक्यांत उरकावं असं हे उत्तर नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगतो.

‘इंग्रजांचं सिमेंटच भारी होतं’ असं बरेच जण स्वतःच ठरवून टाकतात. ही इमारत १८८८ साली पूर्ण झाली. सळई घातलेलं काँक्रीट तेव्हा मुंबईत आलेलंच नव्हतं. भिंती दगडाच्या, मालाडच्या खाणीतल्या पिवळसर दगडाच्या. शेजारची १८७० सालची डेव्हिड ससून लायब्ररीही त्याच दगडाची. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. गंमत म्हणजे तो मुळात सरकारी छापखान्यासाठी होता, कॉलेज तिथे मागाहून आलं. छापखान्यासाठी आखलेली इमारत कॉलेजला चालली, पुढे राज्याच्या पुराभिलेखागारानेही तिथेच बस्तान बसवलं. उंच छत, जाड भिंती आणि मोकळे व्हरांडे असले की वापर बदलला तरी इमारत कुरकुरत नाही.

या व्हरांड्यांकडे मी लोकांचं लक्ष वेधतो. रस्त्यावरून आपल्याला दिसतात त्या टोकदार कमानी, नक्षी, सज्जे, आणि आपण म्हणतो काय सुंदर काम आहे! सुंदर आहेच. पण ती कमानींची रांग ऊन आणि पाऊस आपल्या अंगावर झेलते. वर्गाची खरी भिंत त्याच्या मागे, सावलीत आणि कोरडी. आपल्या जुन्या घरातली पडवी दुसरं काय करते? वळचण खाली उतरलेली, पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर. पाऊस पडवीत थांबतो. पश्चिमेच्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधले की आषाढातली झडसुद्धा आत येत नाही. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढ्या पावसात चिऱ्याची (जांभ्या दगडाची), मातीची घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली ती पडवीच्या जिवावर. आणि आज आपण नवीन घर बांधताना पहिली काट मारतो ती पडवीवरच. जुनी असली तर तिला सरकत्या काचा लावून खोली करतो. मला हे बघवत नाही. पावसाच्या तोंडी मग थेट झोपायच्या खोलीची भिंत येते, आणि दोन पावसाळ्यांत आतला रंग फुगतो.

दुसरी गोष्ट चुन्याची. भिंतीत पाणी शिरणारच, कोकणात तर नक्कीच. शिरलेलं पाणी बाहेर कुठून पडणार हा खरा प्रश्न. चुन्याची दरज, म्हणजे दोन दगडांमधला सांधा, दगडापेक्षा मऊ असते, ओल तिच्यातून वाळून निघून जाते. काही वर्षांनी दरज झिजते, ती खरवडून पुन्हा भरायची. झीज दरजेची होते, दगड वाचतो. हेच जुन्या भिंतीला कुणी सिमेंटने दरजा भरून दिल्या की उलटं होतं. सिमेंट ओल सोडत नाही, मग पाणी दगडाच्याच तोंडातून बाहेर पडतं, सोबत मीठ आणतं, आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. चिऱ्याच्या घराला सिमेंटचा गिलावा करून वर चकचकीत ऑइलपेंट मारणाऱ्यांना मी हेच सांगत असतो.

आता तुमच्या वडिलांच्या स्लॅबबद्दल. त्यात सळई आहे. त्या काळी अनेकांनी खाडीची वाळू न धुता वापरली. वाळूतलं मीठ आत, समुद्राची खारी हवा बाहेर, आणि सळईखाली काँक्रीटचा थर जेमतेम. सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो, आणि खालचं काँक्रीट ढलपे होऊन पडतं. मग आपण वरून वॉटरप्रूफिंगचा थर देतो, पण आतला गंज त्याने थांबत नाही.

मात्र दगड वापरला की झालं, असंही समजू नका. एल्फिन्स्टनच्या त्याच रांगेत वॉटसन हॉटेलची इमारत आहे, हल्लीचं एस्प्लनेड मॅन्शन. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून १८६०च्या दशकात जहाजाने आणलेला. एके काळचं मुंबईतलं बडं हॉटेल. २००५ साली तिचा काही भाग कोसळला. हवा तीच, पाऊसही तोच. लोखंड नाजूक खरं, पण वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही तर काहीच टिकत नाही. दगडाच्या फटीत पिंपळाचं रोप आलं आणि ते बोटभर असताना उपटलं नाही, तर मूळ भिंतीला दोन्ही बाजूंनी फाकवतं. २०१८ साली हा सगळा परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला. यादीत नाव आलं तरी ते रोप कुणीतरी शिडीवर चढूनच काढावं लागतं.

मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. ते एल्फिन्स्टनच्या याच इमारतीत शिकले, १९१२ साली बी.ए. झाले. आपल्याकडची मुलं मुंबईला गेली की मी त्यांना ती इमारत आतून बघायला सांगतो. जिन्यावर हात ठेवावा, व्हरांड्यात भर दुपारी उभं राहून बघावं किती गार वाटतं.

‘म्हणजे दगडातच बांधू का?’ हा पुढचा प्रश्न. नाही. भिंतीला आपला चिरा आहे, तो खाणीतून काढताना मऊ आणि हवेवर कडक होणारा. स्लॅब घालायचाच असेल तर गोड्या पाण्यातली किंवा धुतलेली वाळू घ्या, सळईखाली पुरेसं कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, ठेवा, वर उतरतं छप्पर करा, वळचण अडीच फूट बाहेर काढा, पडवी उघडी राहू द्या. आणि छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून दोन इंच आत, बोटभर रुंद खाच ठेवा. छज्ज्यावरून आलेला थेंब खालच्या अंगाने भिंतीकडे सरकतो, खाचेपाशी अडतो आणि तिथूनच खाली पडतो. एल्फिन्स्टनच्या त्या टोकदार, गॉथिक कमानीच्या डोक्यावरून बाहेर काढलेली दगडी पट्टी पाणी असंच भिंतीपासून दूर टाकते. गवंड्याला ही खाच स्लॅब ओततानाच ठेवायला सांगा. नंतर छिन्नीने पाडलेली सरळ येत नाही, आणि कडही फुटते.