जुने कान, नवी टाकी

गाडी होती होंडा सीबी ७५० मोटारसायकल, अगदी सुरुवातीच्या बनावटीची. हे मॉडेल १९६९ साली बाजारात आलं आणि त्याच्या पहिल्या रंगांपैकी एक म्हणजे कँडी ब्लू ग्रीन. माझ्याकडे रंगवायला आलेली गाडी त्याच रंगाची. टाकी खालून गंजलेली, डाव्या अंगाला खोल पोचा. दोन्ही साइड कव्हरं कधीतरी भलत्याच निळ्या रंगात रंगवलेली. पण हेडलाइट धरून ठेवणारे दोन कान कारखान्यातून आले तसेच होते, एक ओरखडा सोडला तर धड. मालकाची अट एकच: कान रंगवायचे नाहीत, बाकी सगळं कानांशी जुळवायचं.

अख्खी गाडी नव्याने रंगवताना सगळे भाग आपापसांत जुळले की भागतं. मूळ रंगापेक्षा अर्धी छटा इकडे-तिकडे झाली तरी शेजारी ठेवून दाखवायला कुणाकडे काही नसतं. इथे ५० वर्षांहून जुना तुकडा टाकीपासून जेमतेम हातभर अंतरावर कायमचा बसणार होता.

कँडी रंग म्हणजे एक रंग नव्हेच. खाली चंदेरी मेटॅलिक बेस, त्यावर रंगीत काचेसारखा पारदर्शक थर आणि सर्वांत वर क्लिअर, म्हणजे बिनरंगी पारदर्शक थर. उजेड वरून आत शिरतो, चंदेरी कणांवर आपटतो आणि रंगीत थरातून दुसऱ्यांदा बाहेर येतो. त्यामुळे रंगीत थराचा प्रत्येक हात रंग गडद करत जातो. साध्या रंगाने खालचं एकदा झाकलं की चार हात मारा नाही तर सहा, छटा तीच राहते. कँडीत चौथा आणि पाचवा हात म्हणजे दोन वेगळे रंग.

कान जुळवायला घेण्याआधी स्वच्छ करणं भाग होतं. जुन्या क्लिअरवर मळकं पांढुरकेपण असतं, त्याला जुळवलं तर टाकी जन्मतःच मळकट दिसते. कडेच्या भागावर २०००चा वॉटर पेपर अगदी हलक्या हाताने, मग ३०००चा, मग पांढऱ्या फडक्यावर कंपाउंड. फडक्यावर नजर ठेवायची. ते पांढरं किंवा पिवळसर राहिलं तर आपण क्लिअरवरच आहोत. निळं लागलं की तिथेच थांबायचं, कारण क्लिअर संपून रंगीत थर निघायला लागलेला असतो आणि तो परत येत नाही. फडकं पिवळसर निघालं. क्लिअर शाबूत होता, पण पिवळा पडला होता. निळ्यावर पिवळं म्हणजे हिरवट, हे तेव्हाच मनात नोंदवलं.

कानांची वरची-खालची टोकं रबरी गाद्यांमध्ये बसतात. गाद्या काढल्यावर खाली बोटभर रुंदीचा पट्टा दिसला, जिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. तिथला रंग उघड्या भागापेक्षा स्पष्ट निळा आणि खोल. आता प्रश्न असा की मूळ रंग कोणता? कारखान्यातून निघाला तो गादीखालचा. पण गाडी जोडल्यावर तो पट्टा पुन्हा गादीखाली जाणार आणि नजरेला दिसणार तो उघडा भाग. सगळे भाग नवे करायचे असते तर मी डोळे मिटून गादीखालचा पट्टा धरला असता. कान ठेवायचे म्हटल्यावर पॉलिश केलेला उघडा भाग हाच नमुना, असं ठरवलं आणि मालकालाही दोन्ही छटा शेजारी दाखवून विचारलं. हे काम सुरू होण्याआधी विचारायचं असतं, टाकी वाळल्यावर नाही.

थर कळावेत म्हणून कानाच्या आतल्या, कधीच न दिसणाऱ्या बाजूला नखाएवढी जागा घासायची परवानगी घेतली. १५००चा पेपर, भरपूर पाणी. जुन्या प्रायमरमध्ये आणि पिवळ्या-नारिंगी रंगांमध्ये शिसं असू शकतं, म्हणून जुना रंग कोरडा घासून धूळ उडवायची नाही. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखी कडी उघडली: क्लिअर, निळा-हिरवा, चंदेरी, प्रायमर. दहापट भिंगातून पाहिलं तर चंदेरीतले कण बारीक, फाटक्या कडांचे, लहानमोठे मिसळलेले. दिवसभराच्या कामाचा निकाल या भिंगातच लागला होता, पण ते दुपारनंतर लक्षात आलं.

आधी यंत्राने रंग मोजला. एकाच कोनातून मोजणारं रंगमापक साध्या रंगाला चांगलं. मेटॅलिकला निदान समोरचा आणि तिरका असे दोन तरी कोन लागतात, कारण कण आरशासारखे वागतात. शिवाय कान गोल असल्याने यंत्राचं तोंड सपाट टेकत नाही, कडेने उजेड शिरतो आणि आकडा भरवशाचा राहत नाही. आकड्याचा उपयोग सुरुवातीपुरता: निळा आणि हिरवा किती, एवढाच.

१०० ग्रॅम मधल्या क्लिअरमध्ये (थरांच्या मध्ये मारायच्या क्लिअरमध्ये) ४.२ ग्रॅम निळा आणि १.८ ग्रॅम हिरवा कँडी रंग, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर मोजून. दोन्ही थॅलो जातीचे, म्हणजे उन्हात टिकणाऱ्या बारीक रंगकणांचे पारदर्शक रंग घेतले. नुसत्या डायचा, म्हणजे विरघळणाऱ्या रंगाचा कँडी जास्त झळाळतो, पण उन्हात लवकर विटतो. मग नमुना पट्टी. जुन्या मडगार्डचा ३० सेंटिमीटरचा तुकडा कापला, कारण सपाट पत्र्यावरचा मेटॅलिक गोल टाकीवर वेगळाच दिसतो. प्रायमर, पूर्ण लांबीवर चंदेरी, मग कँडीचा एक हात. पहिले ५ सेंटिमीटर टेपने झाकले, दुसरा हात, पुढचे ५ झाकले, असं सहा हातांपर्यंत. शेवटी टेप काढून सगळीकडे क्लिअर. क्लिअरशिवाय जुळवणी करूच नये. कोरडा बेस फिका आणि खडूसारखा दिसतो आणि माणूस उगाच एक हात जास्त मारतो.

ट्यूबलाइटखाली पाच हातांचा चौकोन कानाशी तंतोतंत जुळला. तीच पट्टी बाहेर सावलीतल्या मोकळ्या उजेडात नेली, तर कान हिरवट आणि पट्टी निळी. दोन रंगांत वेगवेगळी रंगद्रव्यं असली की एका दिव्यात ती सारखी दिसतात आणि दुसऱ्यात फुटतात. जुळवणी बाहेरच्या उजेडात ठरवायची आणि दिव्याखाली फक्त तपासायची. पाहायचंही चार-पाच सेकंदच, मग नजर करड्या कागदावर. निळ्या-हिरव्याकडे टक लावून पाहिलं की डोळा थकतो आणि फरक पुसला जातो.

दुसरा दोष त्याहून वाईट. समोरून पाच हातांचा चौकोन बरोबर, पण पट्टी तिरकी धरली की जवळजवळ काळी. कान तिरका धरला तरी निळसरच राहत होता. पहिला विचार आला की कँडी पातळ करावा. तसं केलं असतं तर समोरचा रंग फिका पडला असता आणि गोल गोल फिरत बसलो असतो. दोष रंगीत थरात नव्हता, चंदेरीत होता. माझ्या बेसमधले कण आताच्या पद्धतीचे, गोल नाण्यासारखे आणि गुळगुळीत. ते उजेड समोर जोरात परत फेकतात, म्हणून समोरून चकाकी जास्त आणि ती दाबायला पाच हात लागतात. बाजूला मात्र काहीच फेकत नाहीत, म्हणून तिथे अंधार. कानातले फाटक्या कडांचे बारीक कण उजेड चहूकडे विखुरतात.

चंदेरी बदलली. बारीक, अनियमित कणांची घेतली, दुसरी पट्टी तशीच सहा पायऱ्यांची केली. समोरची चकाकी उतरली, त्यामुळे आता चार हातांतच खोली जुळली, आणि तिरक्या कोनात रंग उघडा राहिला. वरच्या कँडीचं प्रमाण कितीही बदललं असतं तरी हे साधलं नसतं.

उरला हिरवटपणा. हिरवा वाढवून पाहिला, ४.० आणि २.०. समोरून ठीक, पण रंग कच्चा, नवा-नवा वाटत होता. कानावरचं हिरवेपण रंगीत थरातलं नव्हतंच, वरच्या पिवळ्या पडलेल्या क्लिअरमधलं होतं. म्हणून कँडीचं प्रमाण मूळ ठेवलं आणि कँडीवरच्या एका मधल्या क्लिअरच्या हातात १०० ग्रॅममागे ०.३ ग्रॅम पारदर्शक पिवळा आयर्न ऑक्साइड घातला. ०.६ ग्रॅमला पट्टी शेवाळी झाली, ०.३ला कान आणि पट्टी यांच्यातली सीमा नाहीशी झाली. पिवळेपण ज्या थरात असतं त्याच थरात घातलं की कोणत्याही कोनातून फसत नाही.

पट्टी जुळली तरी टाकी जुळेलच असं नसतं. १.३ मिलिमीटरचं नोझल, २ बार हवा, १५ ते १८ सेंटिमीटर अंतर, हे आकडे पट्टीला आणि टाकीला तेच. चंदेरी ओली बसली की कण खोल बुडतात आणि रंग गडद होतो, कोरडी बसली की कण वरच राहून रंग पांढुरका होतो. दुपारी हवा तापली होती, म्हणून थिनर एक पायरी सावकाश वाळणारा घेतला आणि आधी एका फालतू पत्र्यावर मारून पट्टीशी ताडला. कँडीचा प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर पाऊण चढवायचा, अर्धा चढवला तर पट्टे उठतात. गन टाकीच्या कडेच्या बाहेरच सुरू आणि बाहेरच बंद करायची. कडेवर थांबली तर तिथे दोन हात बसतात आणि कड कायमची गडद. दोन हातांमध्ये १० ते १५ मिनिटं.

साइड कव्हरांना प्लॅस्टिकचं प्रायमर आधी, मग टाकीच्याच करड्या प्रायमरचा हात. प्लॅस्टिक असल्याने एवढं वेगळं करावंच लागतं, पुढे सगळं त्याच डब्यातून, त्याच बैठकीत. हे भाग गाडीवर ज्या कोनात बसतात त्याच कोनात स्टँडवर उभे केले. लहान भागांचा धोका असा की चारी बाजूंनी गन फिरते आणि नकळत एक हात जास्त बसतो. प्रत्येक फेरा तोंडाने मोजला. टाकीही चार हातांवरच थांबवली, पाचवा अर्धा हात मारायचा मोह झाला तरी.

वर २केचा, म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारा क्लिअर, २:१ प्रमाणात, दोन हात. टाकीच्या तोंडाशी पेट्रोल सांडतं, हार्डनरशिवायचा क्लिअर तिथे मऊ होऊन उचलला जातो. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साधा मास्क त्याला पुरत नाही, बाहेरून ताजी हवा देणारा मुखवटा लागतो.

आठवड्याने गाडी जोडली. सावलीत, भर उन्हात, दिव्याखाली कान आणि टाकी एकच वाटत होते. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात टाकीच्या पुढच्या गोलाईवर कण कानापेक्षा किंचित मोठे चमकतात, ते मी मालकाला बोट ठेवून दाखवलं. दुसऱ्या पट्टीच्या मागे चंदेरीची जात, ग्रॅम, हातांची संख्या, थिनर आणि तापमान कायम मार्करने लिहिलं आणि ती पट्टी त्यालाच दिली. सीटखालच्या खणात बसते.